माहीमची बुधवारची नोव्हेना: नवस म्हणून जाणार असाल तर आधी हे वाचा

माहीमच्या सेंट मायकल चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेनाबद्दल (मरियामातेच्या प्रार्थनासेवेबद्दल) ऑनलाइन जे रिव्ह्यू आहेत ना ते बहुतेक दोन ओळींचे, "खूप शांत वाटलं", "मनातली इच्छा पूर्ण होते", "पार्किंगचा प्रॉब्लेम", बस. ज्याला पहिल्यांदा जायचंय त्याला यातून काय कळणार? आत नेमकं काय होतं, आपण ख्रिस्ती नसलो तर चालतं का, नऊ बुधवार सलग केलेच पाहिजेत का, मधला एखादा चुकला तर काय, आणि मागितलेलं खरंच मिळतं का. ऑफिसमधल्या मैत्रिणी, सोसायटीतल्या बायका, माहेरची माणसं, सगळे मला हेच विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय. मोठं झालंय, सवडीने वाचा.

माझ्याबद्दल थोडं सांगते म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. मी मूळची नगरची (आता अहिल्यानगर), मराठी मिशनच्या मंडळीत वाढलेली, म्हणजे प्रॉटेस्टंट. आमच्याकडे रविवारची उपासना, घरोघरी प्रार्थनासभा, साक्ष, आणि ना. वा. टिळकांची गीतं पेटी-तबल्यावर. लग्न होऊन आले वसईला कॅथलिक घरात. इथे मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), रोझरी (जपमाळेची प्रार्थना), संतांचे सण. सासूबाई माहीमच्या नोव्हेनाला तरुणपणापासून जातात, त्यांच्यासोबत मी जायला लागले आणि आता त्यांचे गुडघे दुखत असले तर मी एकटीसुद्धा जाते. त्यामुळे मी हे घरचीही म्हणून बघते आणि पाहुणीही म्हणून.

नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. याचं मूळ बायबलमध्येच आहे, येशू स्वर्गात गेल्यावर शिष्य आणि मरियामाता यरुशलेममध्ये माडीवरच्या खोलीत एकत्र जमून पवित्र आत्म्याची वाट बघत प्रार्थना करत राहिले, स्वर्गारोहण ते पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरला तो दिवस) या मधले ते नऊ दिवस. माहीमला नऊ दिवसांऐवजी नऊ बुधवार करतात. पण तिथली नोव्हेना कधी सुरू आणि कधी बंद असा प्रकार नाही, वर्षभर दर बुधवारी असतेच, आणि तुम्ही कुठल्याही बुधवारी जाऊन बसू शकता. सकाळी लवकर सुरू होते ते रात्रीपर्यंत एकामागून एक सेवा चालतात, जास्त इंग्रजीत, शिवाय मराठी, कोकणी, हिंदी, तमिळ. मराठीची वेळ आधी बघून मग निघा कारण वेळ चुकली तर तमिळमध्ये जाऊन बसाल. अर्थात बसलात तरी बिघडत नाही, मी बसलेय, शब्द कळले नाहीत पण आजूबाजूच्या बायका कशासाठी रडतायत ते कळत होतं.

याची सुरुवात कशी झाली ते फार जणांना माहीत नसतं. इथले फादर एडवर्ड प्लासिडस फर्नांडिस उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टला गेले होते, तिथे त्यांनी मरियामातेच्या याच नोव्हेनाला लोटलेली गर्दी पाहिली, आणि आपल्याकडे हे का नको असं मनात घेऊन परत आले. ८ सप्टेंबर १९४८ ला, म्हणजे मरियेच्या जन्माच्या सणादिवशी, माहीमला पहिली नोव्हेना झाली. फाळणी होऊन वर्ष झालं होतं, मुंबई निर्वासितांनी भरली होती, त्याच जानेवारीत गांधीजी गेले होते. अशा काळात एका फादरांनी शहराला सांगितलं की या, इथे येऊन मागा. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. चर्च स्वतः पोर्तुगीज काळातलं, सोळाव्या शतकातलं, आत्ताची इमारत मात्र १९७३ ची आहे. त्यामुळे कोरीवकाम, जुने खांब, वसई किल्ल्यातल्या चर्चसारखं काही बघायला मिळेल म्हणून जाल तर तसं काही नाही. मोठी मोकळी इमारत आहे, भरपूर माणसं मावतील अशी, आणि बुधवारी तीही पुरत नाही.

आता चित्राबद्दल. आल्तारावर (वेदीवर) मरियामातेचं जे चित्र आहे त्याच्यासमोर ही सगळी प्रार्थना होते. मूळ चित्र रोममध्ये सेंट अल्फोन्सस चर्चमध्ये आहे, लाकडावर काढलेलं, सोनेरी पार्श्वभूमीचं, आकाराने लहानसंच. १८६६ साली पोप नववे पायस यांनी ते रिडेम्प्टोरिस्ट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) फादरांच्या हवाली केलं आणि त्यांच्यामार्फत त्याच्या प्रती जगभर गेल्या. बेलफास्टलाही तेच फादर होते, तिथून ही ओळ माहीमपर्यंत आली. बहुतेक लोक हात जोडून वर एक नजर टाकतात आणि डोळे मिटतात. माझं म्हणणं आहे की डोळे मिटायच्या आधी ते चित्र नीट बघा.

बाळ येशू आईच्या डाव्या हातावर आहे, पण तो आईकडे बघत नाहीये, मान वळवून मागे बघतोय. मागे वर दोन बाजूंना दोन देवदूत आहेत, आपल्या डाव्या हाताला मायकल (याच्याच नावाने हे चर्च आहे) भाला आणि स्पंज घेऊन, उजवीकडे गॅब्रिएल क्रूस आणि खिळे घेऊन. म्हणजे पुढे काय होणार आहे ते त्या लेकराला आत्ताच दिसलंय आणि ते घाबरून आईकडे पळत आलंय, इतक्या घाईत की एका पायातली चप्पल निसटून बंदावर लोंबकळतेय. दोन्ही हातांनी त्याने आईचा हात घट्ट धरलाय. आणि आई बघतेय आपल्याकडे. तिचा तो हात बाळाचे हात धरतो आणि त्याच वेळी त्याच्याकडे बोटही दाखवतो.

मी प्रॉटेस्टंट घरातली, आमच्याकडे मरियेजवळ प्रार्थना करत नाहीत, सुरुवातीला माझ्या माहेरच्यांना हे आवडलंही नाही. पण हे चित्र बघून मला जे कळलं ते मी त्यांनाही सांगितलं, की बघा, तिचा हात कुणाकडे आहे. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा ती यजमानाच्या वतीने मुलाकडे गेली आणि नोकरांना म्हणाली की हा सांगेल ते करा, तेच ती इथे करतेय. आणि दुसरं म्हणजे देव घाबरलाय हो त्या चित्रात! विश्वाचा कर्ता म्हणतो आपण ज्याला, तो माणसाचं लेकरू होऊन आईचा हात घट्ट धरून आहे, चप्पल सुटलेली. देवाच्या प्रीतीला अंत नाही असं आपण गीतांत शंभरदा म्हणतो, ती प्रीती किती खाली उतरून आली ते मला या एका चपलेत दिसतं. हॉस्पिटलच्या रिपोर्टची वाट बघताना पोटात जो गोळा येतो तो त्याला वरून बघून माहीत नाहीये, तो त्याला आतून माहीत आहे.

बरं आता सेवा कशी असते. गीताने सुरुवात, मग सगळे मिळून नोव्हेनाच्या ठरलेल्या प्रार्थना, छोटं प्रवचन, लोकांच्या विनंत्या आणि आभार, आजारी माणसांसाठी आशीर्वाद, आणि पवित्र साक्रामेंताचा (ख्रिस्तप्रसादाच्या पवित्र भाकरीचा) आशीर्वाद, त्या वेळी सगळे गुडघ्यावर असतात. प्रार्थनेची छोटी पुस्तिका मिळते ती घ्या, म्हणजे नुसतं तोंडाकडे बघत बसावं लागणार नाही. कधी उभं राहायचं कधी बसायचं ते बाजूच्याकडे बघून करायचं, कुणी हसत नाही. चप्पल-बूट बाहेर काढायचे नसतात, हे आमच्या शेजारच्या वहिनींना फार अवघड गेलं, त्या दारात अडखळल्याच, शेवटी काढून पिशवीत घातले आणि आत आल्या, तेही चाललं.

कम्युनियन म्हणजे ख्रिस्तप्रसाद, हा मिस्सेत असतो आणि फक्त कॅथलिकांसाठी असतो. काही लोक देवळातल्या प्रसादासारखं समजून रांगेत जातात आणि मग पुढे गोंधळ होतो. अपमान वगैरे वाटून घेऊ नका, मीसुद्धा घेत नाही, माझी सहभागिता माझ्या मंडळीत, तिथे असताना मी जागेवर बसून प्रार्थना करते. ज्याचा जो नियम तो पाळण्यात प्रेम कमी होत नाही.

सगळ्यात जास्त मला ज्यासाठी जावंसं वाटतं ती गोष्ट म्हणजे चिठ्ठ्या. लोक आपली विनंती किंवा आभार कागदावर लिहून देतात आणि त्यातलं काही वाचून दाखवतात, नावाशिवाय. नोकरी लागू दे, मुलीचं लग्न जमू दे, दारू सुटू दे, व्हिसा, भाड्याचं घर, बारावी, सासू-सुनेचं पटू दे, बायोप्सीचा रिपोर्ट नॉर्मल येऊ दे, दहा वर्षांनी मूल झालं त्याबद्दल आभार. मुंबई शहर काय आहे ते पेपर वाचून कळत नाही इतकं इथे कळतं. लोकलमध्ये आपल्याला कोपर मारून चढलेली बाई, तिच्या घरी काय चाललं असेल याचा आपण विचारच करत नाही ना, इथे ती बाई तुमच्या बाजूला बसलेली असते आणि वाचलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक तिची असते आणि तुम्हाला माहीत नसतं कुठली, म्हणून तुम्ही सगळ्याच चिठ्ठ्यांना मनापासून आमेन म्हणता. हजारो अनोळखी लोक माझ्या दुखण्यासाठी एका आवाजात आमेन म्हणतायत आणि मी त्यांच्यासाठी म्हणतेय, हे मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही. आमच्या नगरच्या प्रार्थनासभेत प्रेम भरपूर, पण सगळे ओळखीचे, त्यामुळे काही गोष्टी तोंडातून निघत नाहीत, चर्चा होईल असं वाटतं. इथे कागदावर सगळं लिहून मोकळं होता येतं.

एक मतभेदाचा मुद्दा आहे तोही लिहिते. आमच्या बाजूचे लोक म्हणतात छापलेली प्रार्थना वाचण्यात काय आहे, प्रार्थना हृदयातून आपल्या शब्दांत आली पाहिजे. ही आमची परंपराच आहे, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुलींनी १९०५ साली कशी रात्र रात्र प्रार्थना केली, एकाच वेळी सगळ्या मोठ्याने, रडत, हे माझी आजी आम्हाला सांगायची, आणि मी आजही घरी तशीच प्रार्थना करते, मनात येईल तसं, मराठीत, कधी भांडतसुद्धा. पण माझा अनुभव असा की आयुष्यात एक वेळ येते तेव्हा स्वतःचे शब्द संपतात. तोंड उघडलं तरी काही येत नाही. तेव्हा बाजूचे पाचशे लोक एक ठरलेली प्रार्थना म्हणतायत, तिच्यात आपला आवाज नुसता मिसळून द्यायचा, पुढचं ते लोक सांभाळतात. बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलंय ना की काय मागावं ते आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हत कण्हत विनंती करतो. आणि येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या", ती तर ठरलेल्या शब्दांचीच आहे आणि आम्ही दोन्हीकडचे ती म्हणतो. त्यामुळे दोन्ही पाहिजे, यात श्रेष्ठ-कनिष्ठ करू नका.

आता मुख्य प्रश्न, इच्छा पूर्ण होते का.

माझे पप्पा कॅन्सरने आजारी होते तेव्हा मी नऊच्या नऊ बुधवार केले. भर पावसात, वसईहून, ऑफिसमधून अर्धा दिवस काढून. चिठ्ठी लिहिली, उपास केला, गुडघे टेकले. नगरला आई आणि मंडळीतले सगळे उपास-प्रार्थना करत होते, पाळकसाहेब घरी येऊन हात ठेवून प्रार्थना करून जायचे. पप्पा गेले. त्यानंतर एका नात्यातल्या माणसाने मला म्हटलं की तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडला. हे वाक्य मी कधी विसरणार नाही आणि मला अजून त्याचा राग येतो, माझ्यासाठी नाही, तर आज कुठल्यातरी घरात कुठल्यातरी मुलीला कुणीतरी हेच म्हणत असेल म्हणून. हे ख्रिस्ती शिक्षण नाहीये. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरेशी आहे. पौलाचा विश्वास कमी होता? खुद्द येशू गेथशेमाने बागेत जमिनीवर पडून म्हणाला बापा हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि तो प्याला दूर झाला नाही. त्याचा विश्वास कमी होता? देवाने नाही म्हटलं म्हणजे देव प्रेम करत नाही असं असतं तर क्रूसावर सगळं संपलं असतं.

पप्पा गेल्यावर पुढच्या बुधवारी सासूबाई म्हणाल्या, "चल गं, जाऊ." मी म्हटलं, "आता कशाला, मागायला काय उरलंय?" त्या म्हणाल्या, "मागायला नको. नुसती बसायला चल." गेलो. मी एक शब्द बोलले नाही पूर्ण वेळ. सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला होता, समोर ते चित्र, लोकांच्या चिठ्ठ्या चालू होत्या, त्यात एक आभाराची होती कुणाचे तरी वडील बरे झाले म्हणून, आणि मी आमेन म्हटलं. कसं म्हटलं मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून प्रार्थना म्हणजे काय याबद्दल माझं मत पक्कं झालंय. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की तुम्ही मागायच्या आधीच तुम्हाला काय पाहिजे ते तुमच्या पित्याला माहीत आहे. मग मागायचं कशाला? मला वाटतं मागण्याच्या निमित्ताने आपण त्याच्याजवळ जाऊन बसावं म्हणून. पप्पा बरे झाले नाहीत पण शेवटच्या आठवड्यात ते घाबरलेले नव्हते, आईला म्हणाले मी एकटा चाललो नाहीये. ही गोष्ट मी चिठ्ठीत मागितली नव्हती. ती मागायची असते हेच मला माहीत नव्हतं.

म्हणून नवसवाल्यांना माझं कळकळीने सांगणं आहे. नऊ बुधवार ही किंमत नाही. नऊ भरले की देवाला काम करावंच लागेल, आठच झाले तर मिळणार नाही, मध्ये एक चुकला की पहिल्यापासून, असा हिशोब करून कृपा करून जाऊ नका. आजारपणात, पाळीच्या त्रासात, मुलाची परीक्षा सोडून लोक धडपडत येतात की मोडलं तर काहीतरी वाईट होईल. काही वाईट होत नाही! उधळ्या पुत्राची गोष्ट आठवा, तो मुलगा रस्त्यात भाषण पाठ करून येत होता, बापा मी पापी आहे, मला चाकर म्हणून ठेव, पण बापाने त्याला लांबूनच पाहिलं आणि धावत जाऊन मिठी मारली, भाषण पुरं होऊसुद्धा दिलं नाही. त्या काळातला प्रतिष्ठित म्हातारा माणूस गावासमोर धावला. अशा बापाला आपण बुधवार मोजून दाखवायचे? नऊ बुधवार उपयोगाचे आहेत ते आपल्यासाठी, कारण एकदा जाऊन माणसाचं मन ठिकाणावर येत नाही, पहिले दोन-तीन बुधवार तर आपण फक्त आपली यादी वाचतो, मग हळूहळू दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या ऐकू यायला लागतात. ते होण्यासाठी वेळ लागतो म्हणून नऊ करा.

बाहेर मेणाचे हात, पाय, डोकं, घर, बाळ अशा आकाराच्या वस्तू विकायला असतात, जे दुखतंय किंवा जे हवंय ते घेऊन अर्पण करायचं. ही लोकांची श्रद्धा आहे, मला त्यात वाईट काही दिसत नाही, ज्याला बोलता येत नाही तो मेणाचा पाय ठेवून सांगतो की इथे दुखतंय. सासूबाईही घेतात. पण एखादा विक्रेता मागे लागतो की मोठी मेणबत्ती घेतली नाही तर प्रार्थना पोचत नाही, त्याचं ऐकू नका. साधी मेणबत्ती घ्या, फुलं घ्या, किंवा काहीच नका घेऊ. आत प्रवेशाला, चिठ्ठीला, आशीर्वादाला कशालाच पैसे नाहीत, दानपेटी आहे, टाकायचे तर टाका. आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर येतं ना, ही नोव्हेना नऊ जणांना पाठवा नाहीतर अमुक होईल, तमुकने पाठवली नाही त्याचं असं झालं, ते सरळ डिलीट करा. भीती दाखवून करून घेतात ती प्रार्थना येशूने शिकवलेली नाही. योहानाच्या पत्रात स्पष्ट आहे, देव प्रीती आहे, आणि पूर्ण प्रीती भीती घालवून देते.

कोण जाऊ शकतं? कुणीही. बुधवारी तिथे मंगळसूत्र घातलेल्या बायका, बुरख्यातल्या बायका, सरदारजी, कॉलेजची पोरं, सगळे एका बाकावर दिसतात, कुणी कुणाला तू कोण म्हणून विचारत नाही. आणि हे त्याच चर्चमध्ये, जिथे १८५३ साली ताबा कुणाचा यावरून कॅथलिकांच्याच दोन गटांत इतकं पेटलं होतं की बिशप हार्टमन आत कोंडून घेऊन बसले होते आणि बाहेर वेढा पडला होता. आता दरवाजे दिवसभर सताड उघडे. जवळच मखदूम शाह बाबांचा दर्गा आहे, शीतलादेवीचं मंदिर आहे, काही बायका तिन्हीकडे जाऊन येतात. यावर माझ्या चर्चमधले काही लोक नाकं मुरडतात पण मला विचाराल तर दुःखात माणूस जे दार उघडं दिसेल तिथे जातो, आणि येशूने रोमी शताधिपतीला किंवा त्या कनानी बाईला तू आमच्यातली नाहीस म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं.

जायचं कसं: वसई-विरारवाल्यांनी फास्ट लोकल पकडून वांद्र्याला उतरायचं आणि तिथून स्लो पकडून पुढचंच स्टेशन माहीम, कारण विरार फास्ट माहीमला थांबत नाही. स्टेशनवरून पश्चिमेला चालत जाता येतं. हार्बरवाल्यांना तर थेट माहीम आहे. मेट्रो ३ चं शीतलादेवी मंदिर स्टेशन २०२५ मध्ये सुरू झालंय, तिथून रिक्षा मिळणार नाही (दक्षिण मुंबईकडच्या भागात रिक्षा चालत नाहीत हे बाहेरगावच्यांसाठी), टॅक्सी किंवा बस बघा. बुधवारी स्वतःची गाडी आणू नका, कॉजवेच्या तोंडावर चर्च आहे, ट्रॅफिक असतोच. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर प्रचंड गर्दी होते, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं असेल तर दुपारची वेळ बरी आणि अर्धा तास आधी पोचा म्हणजे पंख्याखाली जागा मिळेल. लहान मुलं रडली तरी कुणी वळून रागाने बघत नाही हा माझा अनुभव आहे. ज्यांना एकांत हवा, तासभर डोळे मिटून शांत बसायचंय, त्यांनी बुधवार सोडून दुसऱ्या दिवशी जा. बुधवार हा गर्दीत प्रार्थना करण्याचा दिवस आहे, ती वेगळी गोष्ट आहे आणि सगळ्यांना रुचेलच असं नाही. माझ्या नवऱ्याला नाही रुचत, तो रविवारी वसईला आपल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून खुश असतो.

रेटिंग द्यायचंच तर पाचपैकी पाच. टिळकांनी आपल्या गीतांत येशूला आई म्हणून, गुरुमाउली म्हणून हाक मारली, मी लहानपणी ती गीतं नुसती चालीसाठी म्हणायचे. माहीमला त्या घाबरलेल्या लेकराच्या आईसमोर बसून मला ती हाक समजली, देव बापासारखा धावतो आणि आईसारखा हात धरून ठेवतो. यशयाने लिहिलंय की आई एखाद वेळ आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल पण मी तुला विसरणार नाही. हे मला आता पुस्तकातलं वाक्य वाटत नाही.

चिठ्ठीबद्दल शेवटचं, कारण हेच सगळ्यात जास्त विचारतात. मराठीत लिहिली तरी चालते. नाव-पत्ता लिहू नका, गरज नाही, देवाला पत्ता लागत नाही. छोटी लिहा, सुवाच्य लिहा, एका चिठ्ठीत दहा मागण्या घालू नका. दुसऱ्या कुणासाठी तरी एक चिठ्ठी जरूर लिहा, विशेषतः ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासाठी, हे सासूबाईंनी मला शिकवलं. आणि काम झालं की आभाराची चिठ्ठी द्यायला परत या, येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी आभार मानायला एकच मागे वळला, बाकीच्या नऊ जणांसारखं करू नका, कारण तुमची ती चिठ्ठी ऐकून कुणाला तरी पुढचा बुधवार काढायचा असतो. कुणाला पहिल्यांदा एकटं जायला संकोच वाटत असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी आणि सासूबाई या बुधवारी दुपारच्या सेवेला आहोत, वांद्र्याच्या स्लो लोकलला भेटू.